डावी कूस

"बाई, पिन काढा म्हटलं होतं ना तुम्हाला?"

एक्स-रे खोलीच्या दारातून मुल्लाभाईंनी डोकं आत घातलं. त्यांच्या हातात ओली फिल्म होती आणि तिचं पाणी फरशीवर गळत होतं. मी म्हटलं, काढली. पदराची काढली, ब्लाउजची काढली, मंगळसूत्रसुद्धा पर्समध्ये ठेवलंय. त्यांचा विश्वास बसला नाही. सकाळपासून त्यांनी चाळीस-पन्नास माणसं टेबलावर झोपवली असतील, आणि प्रत्येकाने काही ना काही अंगावर ठेवलंच असेल. त्यांनी खुंटीवरचा हिरवा गाऊन माझ्याकडे टाकला आणि सगळे कपडे काढून फक्त हा घाला म्हणून बाहेर गेले.

मी गाऊन घातला. परत थंड टेबलावर पडले, श्वास धरला, सोडला. ते फिल्म घेऊन अंधाऱ्या खोलीत गेले. ते परत आले. मला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि तिसरा फोटो काढला. त्यानंतर बराच वेळ गेला. मी गाऊन आवळून स्टुलावर बसले होते. डावी बाजू नेहमीसारखी ठणकत होती.

ते आले आणि माझ्यासमोरच्या बाकावर बसले. एक्स-रे काढणारा माणूस पेशंटसमोर बसत नाही. मी नर्स होते, मला ते ठाऊक होतं.

"सिस्टर," ते म्हणाले. इतका वेळ ते मला बाई म्हणत होते. "ही तुमच्या कपड्यात नाही. आत आहे."

त्यांनी फिल्म खिडकीसमोर धरली. मणक्याच्या शेजारी, शेवटच्या बरगडीच्या खाली, एक पांढरी रेघ होती. बारीक, सरळ, थोडी तिरकी. हाडं धुकट दिसत होती, ती मात्र लख्ख होती.

ही गोष्ट सत्तावीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. माण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते आणि माझ्याकडे पाच वाड्या होत्या. आठवड्यातले चार दिवस लसीचा डबा खांद्याला अडकवून मी त्या वाड्या चालत फिरायचे. बर्फ भरलेला तो डबा तसा फार जड नसतो, पण चौथ्या मैलाला जड होतो. पोरांना टोचायचं, बायकांची पोटं तपासायची, रजिस्टर भरायचं, परत यायचं.

डाव्या कुशीतलं दुखणं त्याच्या तीन वर्षं आधी सुरू झालं, धाकटा मुलगा झाल्यानंतर. आधी वाटलं बाळंतपणाचं असेल. मग सगळे म्हणाले, डब्याचं आहे, डावा खांदा ओढला जातो. मी डबा उजव्या खांद्याला घ्यायला लागले. उजवा खांदा दुखायला लागला आणि डावी कूस होती तशीच राहिली. वाकलं की चमक, शिंकलं की चमक, आणि उरलेला सगळा वेळ एक ठसठस, जशी दाढ दुखते तशी. रात्री डाव्या अंगावर झोपता येईना. पुढं पुढं उजव्या अंगावरही येईना.

दुखणं एवढं जुनं होईपर्यंत कुणी धड तपासलं कसं नाही, असं लोक विचारतात. त्याचं कारण मी नर्स होते. नर्सला डॉक्टर चालता चालता तपासतात. व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितलं, की समोरचा म्हणतो, मूतखडा असेल, सोनोग्राफी करून घ्या. सोनोग्राफीत खडा नव्हता. दुसऱ्याने मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा दिला. तो मी आठ महिने वापरला, त्याने कंबरेला पुरळ उठलं. तिसऱ्याने माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, की बाईंच्या डोक्यावर ताण आहे, थोडं समजून घ्या.

माझे यजमान, हणमंतराव, बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्त करायचे. माणूस वाईट नव्हता. पहिलं वर्षभर रोज रात्री कुशीला तेल चोळून द्यायचे. दुसऱ्या वर्षी मी मागितलं की द्यायचे. तिसऱ्या वर्षी मीच मागायचं सोडलं. एकच दुखणं रोज ऐकून माणूस किती दिवस हळहळेल? मलाच त्याचा कंटाळा आला होता. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, आमच्या सुनेचं दुखणं सणावाराला बरोबर वर येतं. मी ऐकलं आणि भांडले नाही. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.

त्या वर्षी केंद्रावर नवीन डॉक्टरीण आली, इनामदार म्हणून. कोवळी पोरगी. तिने मला खुर्चीवर बसवून पंधरा मिनिटं तपासलं आणि विचारलं, पोटाचा साधा एक्स-रे कधी काढलाय का. मी आठवून पाहिलं. कुणीच काढला नव्हता. तिने चिठ्ठी दिली आणि मी साताऱ्याला गेले.

मुल्लाभाईंनीच मला सर्जनकडे नेलं. डॉक्टर सबनीस पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी तिन्ही फिल्मा दिव्याच्या पेटीवर लावल्या आणि पहिला प्रश्न तोच विचारला जो मी मनात विचारत होते. काम करताना कधी इंजेक्शनची सुई मोडली होती का? मी नाही म्हटलं. पाठीत कशी मोडेल? ते म्हणाले, तसंही ही इंजेक्शनची नाही, ती पोकळ असते. ही भरीव आहे. शिवणाची वाटते.

मग त्यांनी मला पालथं झोपवून कुशीवरची कातडी बोटांनी इंच इंच तपासली. वर काहीही खूण नव्हती. म्हणजे फार जुनी, ते म्हणाले. इतकी वर्षं स्नायूत गप्प बसून होती, बाळंतपणानंतर सरकायला लागली असावी. आता किडनीच्या अगदी जवळ आहे. काढावी लागेल, आणि लवकर.

"सबंध आहे की तुकडा?" मी विचारलं.

"काढल्यावर कळेल." ते हात धुवायला गेले आणि पाठमोरे असतानाच त्यांनी विचारलं, "तुम्ही भावंडं किती?"

मी सांगितलं, तीन बहिणी आणि एक भाऊ. मी तिसरी, भाऊ माझ्यानंतरचा. त्यांनी नळ बंद केला आणि हात पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. म्हणाले, आई असेल तर एकदा विचारून पाहा.

एवढंच ते बोलले. पण मी बारा वर्षं वाड्यांवरून फिरत होते. तिसरी मुलगी झालेल्या घरात पाणी द्यायला कुणी पुढे येत नाही, हे मी पाहिलं होतं. सकाळी ठणठणीत असलेली पोर संध्याकाळी गेल्याचं सांगणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, आणि रजिस्टरात 'ताप' लिहून सही केली होती. डॉक्टर काय विचारतायत ते मला कळलं. मी पर्समधून मंगळसूत्र काढून गळ्यात घातलं आणि स्टँडवर आले.

माझं माहेर कारंडेवाडी. मी घरी न जाता सरळ तिथेच गेले. दुपारचे तीन वाजले असतील. भाऊ उत्तम आणि वहिनी शेतात होती. आई सोप्यात एकटी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, आजी तर मी शाळेत असतानाच गेली होती.

माझ्या आईचं माझ्यावर सगळ्यांत जास्त प्रेम होतं. हे मी म्हणत नाही, माझ्या बहिणी म्हणायच्या. हौसाक्काचं लग्न चौदाव्या वर्षी झालं, मालनचं पंधराव्या. मला मात्र आईने दहावीपर्यंत शिकवलं. आजीने आकांडतांडव केलं, वडील महिनाभर बोलले नाहीत, पण ती हटली नाही. नर्सिंगचा फॉर्म आला तेव्हा तालुक्याला माझ्याबरोबर चालत तीच आली होती. हौसाक्का मला तोंडावर म्हणायची, आम्ही काय उकिरड्यावर सापडलो होतो? मी हसायचे. लाडकं असल्याचं कारण कुणी शोधत बसत नाही.

मी तिच्यासमोर बसले. पाणी प्यायले. आडवळणाने विचारायचं त्राण नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं की आज फोटो काढला आणि माझ्या अंगात सुई निघाली.

तिचे हात थांबले नाहीत. तिने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, दुसरी घेतली. कसली सुई, असं तिने विचारलं नाही. कशी गेली, असंही नाही. माझ्या डाव्या कुशीकडे पाहिलं आणि परत शेंगांकडे पाहिलं. सुई दुखऱ्या कुशीतच आहे, हे मी सांगितलंच नव्हतं.

मग ती सांगायला लागली. सांगताना अडखळली नाही, वर पाहिलं नाही. मी वीस-बावीस दिवसांची होते. ती दुपारची गोधडी शिवत बसली होती आणि मला त्याच गोधडीवर टाकलं होतं. गोधडीची सुई मोडली. नेढ्याकडचा अर्धा तुकडा दोऱ्याला राहिला, टोकाकडचा कुठं उडाला ते घावलं नाही. थोड्या वेळाने मी रडायला लागले ती दोन दिवस रडत होते. तिसऱ्या दिवशी तिने उलटंपालटं करून पाहिलं तर कुशीला एक लाल ठिपका होता.

"मला तवाच समजलं," ती म्हणाली. "पर सांगू कुनाला? दवाखाना कराडला. आन् सांगितलं असतं तर समदी म्हनली असती, पोरगी हाय म्हनून मुद्दाम केलं."

मी विचारलं, मोठी झाल्यावर तरी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुला काय तरास नव्हता, उगं कशाला जिवाला घोर लावायचा. मी म्हटलं, तीन वर्षं कण्हतेय मी, तुझ्यासमोर कण्हलेय. त्यावर ती दाणे निवडत राहिली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. साताऱ्यापासून जे डोक्यात घेऊन आले होते ते खरं नव्हतं. चूक होती, अपघात होता, आणि घाबरलेली एक बावीस वर्षांची बाई होती. मी तिथेच तिच्या शेजारी घोंगडीवर आडवी झाले आणि कितीतरी महिन्यांनी तासभर गाढ झोपले. उठले तेव्हा तिने माझ्या पायांवर लुगडं टाकलं होतं.

पुढच्या मंगळवारी ऑपरेशन झालं. पाठीच्या मणक्यातून भूल दिली होती, मी जागी होते. सबनीस डॉक्टर एक्स-रे मशिनखाली बघत बघत सुईचा माग काढत होते. तासाभराचं काम सव्वादोन तास चाललं. मध्येच ताटलीत टिंग आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते राउंडला आले तेव्हा औषधाची एक छोटी रिकामी बाटली माझ्या हातात दिली. म्हणाले, तुमची वस्तू. बाटलीत सुई होती. गंजून काळी पडलेली, केसासारखी बारीक, दीड इंचाची. मी ती उजेडात धरली. एका बाजूला टोक होतं. दुसऱ्या बाजूला नेढं होतं.

"सबंध आहे," डॉक्टर म्हणाले. "मोडलेली नाही." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी केसपेपर उघडला आणि विचारलं, कारण काय लिहू? मी म्हटलं, माहीत नाही असं लिहा. त्यांनी तसंच लिहिलं.

ते गेल्यावर मी बाटली मुठीत धरून पडून राहिले. गोधडीची सुई मला ठाऊक आहे. ती जाड असते, बोटाएवढी लांब असते, चार पदरी कापडातून जायची असते. ही तसली नव्हतीच. ही चोळीला गुंडी लावायची सुई होती. आणि अंथरुणात पडलेली सुई पोराच्या अंगात शिरते ती टोकाने थोडीशी शिरते, बाकीची बाहेर राहते. नेढ्यासकट आत जायला तिला मागून रेटावं लागतं. पोराच्या अंगात सुई जाताना किती जोर लागतो हे मला कुणी सांगायला नको होतं. मी रोज तेच काम करत होते.

म्हणजे आईने मला शेंगा फोडता फोडता खोटं सांगितलं होतं. कुणाला वाचवायला? मेलेल्या आजीला? वडिलांना? की स्वतःला? मी तिघांचे चेहरे आठवून पाहिले. मग आठवायचं सोडून दिलं. खरं सांगते, मला ते जाणून घ्यायचं नव्हतं. सुई निघाली होती. जखम दुखत होती, पण ते दुखणं ताजं होतं, त्याचं कारण दिसत होतं आणि ते भरून येणार होतं. तीन वर्षांनी मला जरा स्वस्थ पडायचं होतं. मी ठरवलं, आईची गोष्ट तशीच राहू द्यायची. तिचं वय झालंय. अर्धी सुई तर अर्धी सुई.

चार वाजता भेटीची वेळ झाली, तशी मी बाटली उशीखाली सरकवली. उत्तम आईला वॉर्डाच्या दारात सोडून औषधं आणायला गेला. ती नवं लुगडं नेसली होती. हातात फडक्यात बांधलेली भाकरी आणि मेथीची भाजी होती. माझ्या खाटेशी स्टुलावर बसली, गाठ सोडायला लागली, आणि गाठीकडे बघतच विचारलं, "निघाली?"

"निघाली," मी म्हटलं. "अर्धीच होती. तू म्हणालीस तशीच. टोकाकडचा तुकडा."

तिने गाठ सोडायचं थांबवलं.

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. एक निःश्वास टाकेल, देवाचं नाव घेईल, मला भाकरी मोडून देईल. तसं काही झालं नाही.

"अर्धी?" ती म्हणाली. "आन् ऱ्हायलेली?"

"राहिलेली तुझ्या दोऱ्याला होती ना? तूच सांगितलंस."

ती उठून उभी राहिली. फडकं मांडीवरून खाली पडलं, ते तिने उचललं नाही. वॉर्डभर नजर फिरवली. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी झोपली होती, तिच्या पलीकडे दोघी जणी आपसात बोलत होत्या. आई माझ्यावर वाकली. तिच्या तोंडाला मिश्रीचा वास येत होता.

"डाक्टरला बोलाव. अर्धी आत हाय अजून. त्याला म्हनावं परत बघ."

"आई, दोऱ्याला..."

"दोऱ्याला कायबी न्हवतं," ती म्हणाली. "मोडली न्हवती. सबंध व्हती. म्याच घातली व्हती, मला ठावं हाय. बोलाव त्याला."

मी नुसती तिच्याकडे बघत राहिले. ती समजली, की मी ऐकत नाहीये, की माझा विश्वास नाही. आणि डॉक्टरला बोलावणं भाग पडावं म्हणून, त्या वॉर्डात, स्टुलाच्या कडेवर बसून, तिने सगळं सांगितलं. हळू आवाजात सांगितलं. मधे मधे दाराकडे बघत होती, डॉक्टर दिसतात का म्हणून.

माझ्या बारशाच्या दिवशी वडिलांसाठी दुसरी मुलगी सांगून आली होती. बोलणी करणारी माणसं बारशाचंच जेवून गेली. आजी म्हणाली होती, ही तिसरी धोंड जगली तर तू माहेरची वाट धर. माहेरी तिला कुणीच नव्हतं. हौसा चार वर्षांची होती, मालन दोन. त्यांना कुठं टाकायचं हे तिला कळेना. आठ दिवस ती झोपली नव्हती. एका दुपारी घरात कुणी नसताना तिने चोळीची सुई घेतली.

"आदी टाळूवर धरली," ती म्हणाली. "टाळू उडत व्हती तुजी. तितं हात चालंना. मग कुशीत घातली. तू वराडलीस तशी मी भानावर आले. काडाया गेले तर नेढं आत गेलेलं. नखानं वडली, दातानं वडली, घावंना. रगात आलं तोंडात, पर सुई घावंना."

नंतर ती दोन दिवस मला खाली ठेवत नव्हती. मी मरेन म्हणून वाट पाहत होती, आणि मरू नये म्हणून देवाला कौल लावत होती. मी मेले नाही. दुसरी मुलगी सांगून आली होती ते लग्न आपोआप मोडलं, आणि दोन वर्षांनी उत्तम झाला. न्हाऊ घालताना ती रोज माझी कूस चाचपायची. सुई कधी हाताला लागायची, कधी नाही. मी सहा वर्षांची झाले तेव्हापासून लागेनाशी झाली.

"मला वाटलं इरगळली," ती म्हणाली. "लोखंड अंगात इरगळत आसंल. मला काय ठावं?"

मग ती परत उठली. पदर डोक्यावरून नीट घेतला. म्हणाली, "तू नको सांगू त्याला. मीच सांगते जाऊन. काय करायचं ते करू द्या माजं. पर आत ऱ्हायला नको ते."

ती खरोखरच दाराकडे निघाली होती. मी तिचा हात धरला. उशीखालून बाटली काढली आणि तिच्या हातात दिली.

"सबंधच निघाली, आई. आत काही राहिलं नाही."

तिने बाटली खिडकीकडे नेली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून ती फिरवून फिरवून बघत होती. टोक पाहिलं. नेढं पाहिलं. परत टोक पाहिलं. मग स्टुलावर येऊन बसली. आपण काय सांगून बसलो हे तिला तेव्हा कळलं असावं, पण तिचा चेहरा तसा झाला नाही. उतरणीला लागलेल्या माणसासारखी ती जरा वेळ नुसती श्वास घेत राहिली.

"मग खोटं का बोललीस?" तिने विचारलं.

"तुला बरं वाटावं म्हणून."

तिने मान हलवली. खाली वाकून फडकं उचललं, भाकरीला लागलेली धूळ झटकली. उत्तम औषधं घेऊन आला. त्याने विचारलं, काय म्हणतायत डॉक्टर? आई म्हणाली, निघाली सगळी.

बहिणी दुसऱ्या दिवशी आल्या. त्यांना मी गोधडीची सुई सांगितली, अर्धी, चुकून गेलेली. त्यांना आजही तेवढंच माहीत आहे. हौसाक्का म्हणाली, तरीच आईचा तुझ्यावर एवढा जीव, मनाला लागून राहिलं असणार तिच्या. मी हो म्हटलं. दहावी, नर्सिंग, ही नोकरी, माझा पगार, माझं सगळं आयुष्य त्या एका दुपारवर उभं आहे, हे तिला कसं सांगायचं? मला स्वतःलाच ते पेलत नव्हतं. आई माझ्यावर जीव लावत होती की काहीतरी फेडत होती, हे मी पुढं पुष्कळ वर्षं मनात घोळवलं. दोन्ही वेगळं काढता येत नाही, एवढंच कळलं.

ऑपरेशननंतर दहा दिवस रोज जखम धुऊन पट्टी बदलायची होती. जखम पाठीकडे, माझा हात पोहोचत नव्हता. हणमंतरावांना रक्त पाहवत नसे. केंद्रावरची दुसरी नर्स रजेवर होती. आई आपणहून आमच्या क्वार्टरवर राहायला आली. मी तिला पाणी उकळून घ्यायला शिकवलं, चिमटा कसा धरायचा ते शिकवलं. पहिल्या दिवशी मी उजव्या कुशीवर, तिच्याकडे पाठ करून झोपले. ती मागे येऊन बसली. तिचा हात जवळ आला आणि माझं सगळं अंग ताठ झालं. मी ते मुद्दाम केलं नव्हतं.

तिला दिसलं. हात तिथंच थांबला.

"हात लावू का?" तिने विचारलं.

मी भिंतीकडे बघत होते. भिंतीवर केंद्राचं कॅलेंडर होतं, त्यावर लसीकरणाच्या तारखा होत्या. त्या मी दोनदा वाचल्या. मग म्हटलं, "लाव."

तिने जखम धुतली. हात हलका होता. दुखलं, पण सोसण्याइतकं.

दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं. तिसऱ्या दिवशीही. दहाही दिवस ती विचारल्याशिवाय माझ्या अंगाला शिवली नाही. आणि मला एकदाही पटकन उत्तर देता आलं नाही. थोडा वेळ जायचा. ती हातात कापूस धरून, पाणी निवत असताना, थांबायची. मग मी लाव म्हणायचे.